मस्कती सनद व डाव्या अंगाची मोहीम

राजमान्य राजश्री तमाम वाचकमंडळी, ज्या गावी ज्या कामी गुंतली असतील तेथे, यांसी विदित व्हावे ऐसे की, वऱ्हाड प्रांती यवतमाळ सुभा, त्यात बाभुळगाव परगणा, तेथील राजश्री राजदीपराव वल्द देवराव भगत यांणी मस्कत मुलुख सोडून स्वदेशी आलियावर मोटार हाकण्याच्या परवान्याकरिता जी मोहीम केली, तीत कैसे प्रसंग गुदरले, तुरीच्या रानात काय जाहले आणि अखेर फत्ते कैसी पावली, हे जैसे घडले तैसे, पदरचा मीठमसाला न घालिता, लिहिले आहे. मोठमोठ्या लढाया लिहावयास मातबर लेखक बहुत आहेत. ज्या लढाईत मनुष्य मरत नाही, केवळ लाजेने अर्धा होतो, ती कोणी लिहीत नाही, सबब हा खटाटोप.

राजदीपरावांचे तीर्थरूप देवराव हे एसटी दरबारी कंडक्टरीच्या हुद्द्यावर उभी हयात काढून निवृत्त जाहलेले. त्यांचे पोटी राजदीपराव. हे ऐन उमेदीत मस्कतेस गेले, तेव्हा सायकलीखेरीज कोणतेही वाहन त्यांस वश नव्हते. तेथे आधी हमाली केली, मग टँकरवाल्याचे मदतनीस जाहले, आणि मग तेथील पोलिसांचे परीक्षेत आपटून, उठून, पुन्हा आपटून, अखेर परवान्याची सनद मिळविली, आणि पाण्याचा टँकर घेऊन त्या वाळवंटात ऐसा संचार केला की डोंगरातील बांधकामांवरचे मजूर लांबून धूळ पाहूनच बादल्या घेऊन उभे राहत. त्या मुलुखाचा रिवाज ऐसा की मोटारीचे स्टेअरिंग डाव्या हातास आणि रस्ता उजव्या अंगाने धरावा. राजदीपरावांचे हाड न् हाड त्या रिवाजात मुरले. दरम्यान रजेवर येऊन लग्न जाहले, मोनालीबाई घरात आल्या, खुशीबाई नामे कन्यारत्न जाहले, आणि संसार बहुतकरून फोनवरच चालला.

पुढे मस्कतेतील ती कंपनी बुडाली. कागदपत्रांचा घोळ पडला, त्या घोळातच सनदेची मुदत सरली, नवी करून मिळेना, आणि राजदीपराव एक भली थोरली बॅग घेऊन विमानाने नागपुरी उतरले. घरची मंडळी सामोरी आली होती. देवराव होते, खुशीबाई होत्या, आणि मोनालीबाईंची जुनी पांढरी अल्टो होती. मोनालीबाईंचा उद्योग परकर व गाऊन शिवून यवतमाळ-दारव्ह्याचे दुकानदारांस पुरविण्याचा. माल गाडीने जातो इतके राजदीपरावांस फोनवर ठाऊक होते. ती गाडी कोण हाकतो हे त्यांणी कधी पुसले नाही, आणि बाईंणी सांगितले नाही.

मग राजदीपराव, इतक्या वर्षांनी घरधनी आला, आता गाडी तो नाही तर कोण हाकणार, ऐशा तोऱ्यात पुढे जाहले, आणि पुढचा डावा दरवाजा उघडून ऐटीत आत बसले, आणि दोन्ही हात पुढे केले, तो हातास काहीच लागेना. समोर फक्त सामानाचा कप्पा. त्यांणी मान फिरविली. उजव्या अंगास स्टेअरिंगवर हात ठेवून खुद्द मोनालीबाई बसल्या होत्या.

"पट्टा लावा," बाई म्हणाल्या. "मांगं गाड्या वाजून राह्यल्या."

मागून देवराव बोलले, "काहून थांबली वो सूनबाई?" आणि छतावर दोनदा टकटक केले. कंडक्टरीत एक घंटा म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. गाडी सुटली. नागपूर ते बाभुळगाव राजदीपरावांणी बोलणे थोडे केले आणि पायाने नसलेला ब्रेक बहुत दाबला.

घरी आलियावर मसलत जाहली. राजदीपरावांचा इरादा ऐसा की एक मालवाहू पिकअप घ्यावी, शेतकऱ्यांचा कापूस-सोयाबीन वाहावा, बाईंचाही माल वाहावा, आणि पुन्हा परमुलुखी जाऊ नये. त्यास प्रथम परवाना पाहिजे. म्हणून सहकुटुंब यवतमाळी परिवहन कचेरीत रुजू जाहले. तेथे निरीक्षक म्हणून एक मॅडम होत्या, चष्मा नाकावर, बोलणे मोजके. राजदीपरावांणी अरबी अक्षरांची आपली सनद दोन्ही हातांनी, जैसा जिंकिला किल्ला हुजूर अर्पण करावा, तैसी पुढे ठेविली. मॅडमनी ती उलटसुलट पाहिली आणि निर्णय दिला तो ऐसा की, परदेशची सनद जिवंत असती तर परीक्षा माफ होती, ही सनद मृत आहे, मृतास माफी नाही, सबब आरंभापासून आरंभ करावा, आधी शिकाऊ परवाना काढावा, मग परीक्षा द्यावी, आणि तोवर गाडीत शेजारी पक्का परवाना असलेले माणूस बसवूनच गाडी हाकावी.

"घरात आहे का कोणाकडे लायसन्स?" मॅडमनी पुसले.

देवराव छताकडे पाहू लागले. राजदीपराव भिंतीवरचा तक्ता वाचू लागले. खुशीबाईंणी बोट उचलिले आणि मातोश्रींकडे रोखले.

शिकाऊ परवान्याची संगणकावरील परीक्षा खुशीबाईंच्या शिकवणीने सहज सर जाहली. मग खुशीबाईंणी तांबडा 'एल' कापून अल्टोस पुढे व मागे चिकटविला. राजदीपरावांणी विनंती केली की मागचा किंचित लहान करावा. ती नामंजूर जाहली.

येणेप्रमाणे सराव सुरू जाहला. पहाटे उठावे, गावाबाहेर रस्ता मोकळा असे तेथे जावे, चालक राजदीपराव, शेजारी मोनालीबाई, पाठीमागे देवराव. आणि पहिल्याच दिवशी कळून आले की शत्रू रस्त्यावर नाही, अंगात आहे. गियर बदलावयाचा म्हणजे उजवा हात आपोआप खाली जाई आणि दरवाज्यावर आदळे, तेथे खिडकीचा दांडा हातास लागे, आणि गियर पडण्याऐवजी काच खाली येई. वळावयाचे म्हणजे डावा हात दांडी ओढी, आणि दिवा लागण्याऐवजी कोरड्या काचेवर वायपर करकरू लागे. ऐसे वायपर फिरवीत, काच उघडीत-मिटीत स्वारी चाले. सर्वांत मोठा घात म्हणजे समोरून वाहन आले की टँकरवाल्याचा देह विचार न करिता उजवीकडे झुके. मोनालीबाई "डावीकडं! डावीकडं!" म्हणून पुकारा करीत, देवराव छतावर एक घंटा देत, आणि गाडी रस्त्याचे मधोमध, धड इकडे ना तिकडे, ऐसी उभी राही.

गावात बभ्रा जाहला. शेजारचे पुंडलिकराव रोज फाटकाशी दात घासत उभे राहून पाहत, आणि एके दिवशी कोण्या पाहुण्यास ओळख करून देते जाहले की हे आपल्या मोनालीताईचे मिस्टर, गाडी शिकून राह्यले. मोनालीताईचे मिस्टर! ज्याचे नाव वाळवंटात धुळीवरून ओळखिले जाई, त्यास हे बिरुद मिळाले. राजदीपराव त्या दिवशी जेवले थोडे.

मग परीक्षेचा दिवस आला. यवतमाळी कचेरीचे मैदानात राजदीपरावांणी आठाचा आकडा ऐसा काढिला की बघ्यांत वाहवा जाहली, मागे घेणे, चढावर थांबणे, सर्व हुन्नर दाखविले, आणि मॅडमचे मुखावर प्रसन्नता दिसू लागली. मग मॅडमनी हुकूम केला की आता रस्त्यावर चला. स्वारी फाटकाबाहेर पडली. राजदीपराव आत्मविश्वासाने भरले होते, आणि तोच आत्मविश्वास त्यांस घेऊन सरळ उजव्या अंगास गेला. समोरून एक ऑटो आला. ऑटोवाल्याने भोंगा दाबिला तो सोडीचना. दोन्ही वाहने नाकास नाक लावून उभी राहिली.

मॅडमनी चष्मा सारखा केला. "गाडी उत्तम चालवता हो तुम्ही," त्या म्हणाल्या. "फक्त देश चुकतोय."

आणि नापास म्हणून शिकस्त नोंदिली. आठवडा गेलियावर पुन्हा यावे ऐसे फर्माविले.

राजदीपराव घरी आले. संध्याकाळी त्यांणी मस्कतेस जुन्या मुकादमास फोन लाविला. त्याने सांगितले की दुसऱ्या कंपनीत जागा आहे, येतोस तर कागद पाठवितो. मग राजदीपरावांणी जेवतेसमयी, ताटाकडेच पाहत, जाहीर केले की आपण परत जातो, इकडे आपले काही खरे नाही. देवरावांचा घास हातीच राहिला. खुशीबाई बारावीच्या अभ्यासाची सबब सांगून उठून गेल्या, आणि आत पुस्तक उघडिल्याचा आवाज काही आला नाही. बॅग भरणे तर नव्हतेच, कारण आलेल्या दिवसापासून ती पुरती रिकामीच जाहली नव्हती. सदरे त्यातूनच निघत आणि धुऊन त्यातच जात. हे मोनालीबाईंणी रोज पाहिले होते आणि त्याविषयी अवाक्षर काढिले नव्हते.

आताही बाई भांडल्या नाहीत. ताट उचलितेसमयी इतकेच बोलल्या, "जायचं तं जा. पन उद्या दारव्ह्याचा बाजार हाय. माल तुमीच नेऊन द्या."

दारव्ह्याची स्वारी दुसरे दिवशी निघाली. मागील बाकावर देवराव आणि परकरांची गाठोडी, टपावरही गाठोडी दोरीने आवळिलेली. बाभुळगाव सोडिले, यवतमाळ ओलांडिले, आणि दारव्ह्याच्या रस्त्यास लागले. दोहो बाजूंस तूर पिवळ्या फुलावर आलेली, रस्ता अरुंद, बाजाराकडे जाणाऱ्या जीपगाड्या माणसांनी लदबदलेल्या. राजदीपराव दात आवळून डावे अंग धरून होते. आणि ऐसे चालत असता वळणावरून एकाएकी एसटी पुढे आली, तांबडी, प्रचंड, सगळा रस्ता आपलाच असल्यासारखी.

राजदीपरावांचा देह उजवीकडे वळला. मोनालीबाईंणी झडप घालून स्टेअरिंग डावीकडे ओढिले. देवरावांणी छतावर इतक्या घंटा दिल्या की त्यांचा अर्थ कोणत्याही आगारात लागला नसता. एसटी हातभर अंतराने निघून गेली आणि पुढे जाऊन थांबली, आणि अल्टो नाल्यावरून उडी घेऊन तुरीच्या रानात शिरली आणि तेथे विसावली.

मग पाहिले तो कोणास खरचटलेही नव्हते. परंतु टपावरची दोरी तुटली होती आणि गाठोडी फुटली होती, आणि तांबडे, हिरवे, जांभळे परकर तुरीच्या शेंड्याशेंड्यावर पडून वाऱ्याने फडफडत होते, जैसी कोण्या मोठ्या फौजेची निशाणे रानात रोविली असावी.

एसटीचा चालक सेवादास राठोड हा बाह्या सावरीत खाली उतरला, मुखी शिव्यांची पहिली पलटण तयार, तो अल्टोच्या मागील दारातून फुलांनी पिवळे जाहलेले देवराव बाहेर आले. सेवादास जागीच थबकला.

"कंडक्टरसाहेब? तुमी?"

"जय भीम, सेवादास," देवराव सदरा झटकीत म्हणाले. "गाडी टायमावर हाय का?"

"होती," सेवादास म्हणाला.

मग तोंडात आलेली पलटण त्याने माघारी घेतली आणि प्रवाशांस हाक दिली. तमाम बस रिकामी जाहली. गडीमाणसे अल्टोस भिडली, आणि बायामाणसे रानात शिरून परकर वेचू लागली. त्यांत भुरीबाई नामे एक वृद्धा होती, तिने एक हिरवा परकर कमरेस लावून पाहिला आणि भर रणात पुकारा केला की हा केवढ्याला देता. मागाहून आणखी तिघींनी तोच प्रश्न केला. देवराव तेथेच तुरीत उभे राहून विक्री करू लागले.

राजदीपराव मात्र धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, बसले होते. मोनालीबाई येऊन शेजारी बसल्या.

"तिकडं मले सारे वळखत होते," राजदीपराव म्हणाले. "इथं मी कोन हाव? तुह्या शेजारी 'एल' लावून बसतो. पुंडलिकराव दात घासत पाह्यते."

"त्या पुंडलिकरावाचं फाटक नवं काहून हाय, माहीत हाय तुमाले?"

"काहून?"

"जुनं म्या पाडलं. शिकतांना." बाईंणी पदराने तोंड पुसले. "मामाजीले अटॅक आलता तवा गावात एक गाडी भेटली नाई. एसटीचा मानूस, आन् एसटी बी नवती त्या टायमाले. जीपवाला आला तवर जीव टांगनीले लागलता. मंग म्या ठरवलं. फाटक पाडलं, कोनाची तुराटी पाडली, रडत रडत शिकली. तुमी फोनवर रोज इचारत, जेवली का. हो म्हनो मी."

राजदीपरावांस पित्याचे दुखणे ठाऊक होते, परंतु त्यांस 'थोडं गॅस झालतं' ऐसे कळविण्यात आले होते. त्यांणी रानात पाहिले. देवराव भुरीबाईस नाडीची मजबुती ओढून दाखवीत होते.

"सांगतलं काहून नाई?"

"तुमी तिकडून काय केलं असतं? टँकर आनला असता?" बाई हसल्या, आणि मग हसू थांबले. "घाबरली होती मी."

"तवा?"

"तवा बी. आत्ता बी."

मग बाईंणी मसलत सांगितली ती ऐसी की, डावे-उजवे हे शब्दच डोक्यातून काढून टाकावे, ते वेळेवर कामास येत नाहीत. एकच ध्यानी धरावे. "मी धुऱ्याकडं, तुमी रस्त्याच्या मधात. मले धुऱ्याकडं ठेवा. बस."

राजदीपरावांणी मनात टँकर उभा केला. मस्कतेचा रस्ता उभा केला. स्टेअरिंग डावीकडे, रस्ता उजवीकडे, आणि टँकरवाला तेथेही रस्त्याच्या मध्याशीच बसे, शेजारची जागा कडेला. नियम तोच होता.

"तिकडं बी तसंच होतं," ते सावकाश म्हणाले. "पन तिकडं बाजूले कोनी नसे. पाण्याची बाटली राहे."

इतक्यात गडीमाणसांनी एकदोनतीन करून अल्टो रस्त्यावर आणून ठेविली. सेवादासाने देवरावांचा निरोप घेतला आणि एसटी उशिराने पण खुशीत निघाली. मोनालीबाईंणी किल्ली पुढे केली. राजदीपरावांणी ती घेतली, उजव्या दरवाज्याने आत बसले, बाई धुऱ्याकडे बसल्या, आणि दारव्ह्याच्या बाजारात, जेथे बैल, ऑटो, हातगाड्या, माणसे आणि जीपगाड्या एकमेकांत कालवलेल्या असतात, त्या भर गर्दीतून त्यांणी गाडी नेली आणि दुकानासमोर उभी केली. माल अर्धाच उरला होता. दुकानदाराने पुसले की बाकीचा कोठे, तेव्हा देवरावांणी सांगितले की वाटेत खपला.

त्या रात्री बॅगेतील सदरे कपाटात गेले. मस्कतेच्या मुकादमास फोनवर कळविण्यात आले की तूर्त येणे होत नाही. बॅग खुशीबाईंणी मागून घेतली आणि हरकत न घेता देण्यात आली.

आठवडा गेलियावर पुन्हा यवतमाळ. पुन्हा तेच मैदान, तोच आठ, त्याच मॅडम. मग फाटकाबाहेर निघतेसमयी राजदीपरावांणी डोळ्याच्या कोपऱ्यातून शेजारी पाहिले. मॅडम बसल्या होत्या. मनात म्हणाले, आज यांना धुऱ्याकडं ठेवायचं. आणि ठेविले. ऑटो आले, ट्रक आले, कापसाच्या गाड्या आल्या, एक गाय मधोमध रवंथ करीत उभी राहिली, आणि राजदीपराव सर्वांस वाट देत, आपल्या वाटेने राहत, चौक फिरून परत आले. शेवटच्या वळणावर मात्र अंगाने दगा दिला आणि कोरड्या काचेवर वायपर फिरला.

"आकाश तर निरभ्र आहे," मॅडम म्हणाल्या, आणि वहीवर मान घालून हसू लपविले. मग सांगितले, "पास. कार्ड पोस्टानं येईल."

बाहेर मंडळी उभी होती. राजदीपराव आले, आणि होकारार्थी मान हालविली. देवरावांणी तेथेच भररस्त्यात लेकास कवटाळिले. खुशीबाईंणी नखाने 'एल' खरवडावयास आरंभ केला, तेव्हा मोनालीबाईंणी थांबविले, कार्ड हाती येईतो राहू दे म्हणून. मग किल्ली राजदीपरावांच्या हाती ठेवून त्या स्वतः डाव्या अंगास बसल्या, आणि पट्टा लाविला.

यवतमाळची वस्ती सुटली, गाडी बाभुळगावच्या रस्त्यास लागली, आणि राजदीपरावांणी काही बोलावयास मान वळविली तो बाईंचे डोके काचेस टेकले होते. गाढ झोप. तोंड किंचित उघडे. शिवणयंत्रावर आणि रस्त्यावर काढिलेल्या इतक्या वर्षांचे जागरण ऐसे एकदम अंगावर आले. राजदीपरावांणी वेग कमी केला. खड्डे ऐसे चुकविले की अंड्यांची गाडी न्यावी. बाभुळगाव आले, घराचे वळण आले, आणि वळण मागे पडले.

"अरे," देवराव मागून म्हणाले, "बाभुळगाव गेलं ना मांगं!"

"हळू बोला, बाबा. झोपली हाय थे."

देवरावांणी पुढे वाकून सुनेकडे पाहिले, लेकाकडे पाहिले, आणि पुन्हा मागे टेकून बसले. खुशीबाईंणी पुसले की मग आता जायचे कोठे. राजदीपराव बोलिले की रस्ता जाईल तेथवर. मग गाव मागे टाकीत टाकीत धामणगावच्या दिशेने यवतमाळ सुभ्याची हद्द ओलांडिली आणि अमरावतीच्या मुलुखात प्रवेश केला, आणि तेथेही कोणी अडविले नाही.

येणेप्रमाणे राजश्री राजदीपराव भगत यांस स्वदेशाचा परवाना प्राप्त जाहला. मोहिमेत कामास आले ते एकूण असे: तुरीची काही झाडे, त्यांची भरपाई मालकास पोचती केली, आणि अल्टोचा एक आरसा. पराक्रम केला तो सर्वांणी, विशेष मोनालीबाईंणी. फत्तेची खूण म्हणून तोफा सुटल्या नाहीत, नौबत वाजली नाही, भोंगादेखील कोणी दाबिला नाही. मोनालीबाई धामणगावी चहाच्या टपरीसमोर जाग्या जाहल्या, आणि आपण कोठे आहो हे त्यांस प्रथम समजेना, आणि समजल्यावर त्या इतकेच म्हणाल्या की, इतकी झोप कधी आठवत नाही. हे जैसे जाहले तैसे दफ्तरी दाखल केले असे.